केडगावला पोहोचलेल्या मुली

१८९६ च्या पावसाने दगा दिला आणि मध्य प्रांत व बुंदेलखंडात भीषण दुष्काळ पडला. हिवाळा सुरू होईपर्यंत गावेच्या गावे ओस पडू लागली होती. सरकारने दुष्काळी कामे काढली, गरीबखाने उघडले, खडी फोडणाऱ्यांना मजुरी आणि अशक्तांना शिधा देण्याची व्यवस्था केली. कागदावर ही व्यवस्था बरी दिसत होती. पण आईबाप वाटेतच दगावलेली दहा-बारा वर्षांची मुलगी त्या रांगेत एकटी उभी राहिली, की तिच्यापुढे शिधा वाटणारा मुकादम असे आणि रांगेबाहेर भाकरीचे आमिष दाखवून तिला शहरातल्या कुंटणखान्याकडे नेऊ पाहणारी माणसे असत. भूक तिचा जीव घेऊ पाहत होतीच. भुकेच्या आडून येणारी ही माणसे तिच्याहून अधिक चिकाटीची होती.

या धोक्याची पुरती जाणीव असलेली एक बाई त्या वेळी पुण्यात होती. पंडिता रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. विधवांसाठी काढलेले त्यांचे शारदा सदन पुण्यात चालू होते, त्यावर पुरेसा वादही होऊन गेला होता, आणि सदनाला मिळणाऱ्या अमेरिकेतील मदतीची मुदत दोन-तीन वर्षांत संपणार होती. नवी जबाबदारी अंगावर घेण्याजोगा हा काळ मुळीच नव्हता. तरीही त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या. दुष्काळी कामे पाहिली, गरीबखाने पाहिले, आणि तेथे तरुण मुलींना मूठभर धान्यासाठी काय किंमत मोजावी लागते हेही पाहिले. परतल्यावर या अनुभवांचे जे वृत्त त्यांनी प्रसिद्ध केले, त्यात गरीबखान्यांच्या कारभारावर त्यांनी कोणतीही भीड ठेवली नाही. तीनशे मुली आणण्याचा त्यांचा संकल्प होता. पैसा हाताशी नव्हता, जागा नव्हती. मुली मात्र येऊ लागल्या.

महाराष्ट्राला रमाबाई ठाऊक आहेत त्या विदुषी म्हणून, धर्मांतरामुळे वादग्रस्त ठरलेल्या सुधारक म्हणून किंवा बायबलच्या भाषांतरकार म्हणून. पण निराधार मुलांना सुरक्षित ठेवणारी संस्था कशी उभी राहते आणि ती उभी करताना कोणकोणती संकटे झेलावी लागतात, या प्रश्नाच्या अंगाने त्यांचे चरित्र पाहिले तर ते निराळेच दिसू लागते. त्याचा आरंभही एका दुष्काळातच होतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न चित्पावन ब्राह्मण. बायकोला संस्कृत शिकविण्याचा अपराध त्यांनी केला आणि त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला. आश्रम चालविता चालविता कर्ज झाले, घर मोडले आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. रमाबाईंच्या थोरल्या बहिणीचा बालविवाह वाईट ठरला होता. म्हणून धाकटीचे लग्न लहानपणी लावायचे नाही असे आईवडिलांनी ठरविले. त्या काळात हा निर्णय साधा नव्हता. लक्ष्मीबाईंनी मुलीला स्वतः संस्कृत शिकवले आणि वाटेवरच्या त्या बिऱ्हाडात भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत झाले.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने या कुटुंबाला गाठले. होते नव्हते ते विकून झाले. अंगमेहनतीचे काम कोणाला येत नव्हते आणि ते करणे कुलाला कमीपणाचे वाटत होते. भीक मागायचीही लाज. व्रते केली, दक्षिणा दिली, उपास घडले, शेवटी झाडपाल्यावर दिवस काढले. वडील गेले, थोड्याच आठवड्यांत आई गेली, मग बहीण. आईची तिरडी उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा खांदा भाऊ श्रीनिवासचा आणि चौथा सोळा वर्षांच्या रमाचा. उंची कमी असल्याने तिला ते ओझे डोक्यावर घ्यावे लागले. पुढे बहीणभावंडे पायी उत्तरेकडे निघाली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करायला त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि डोके तेवढे बाहेर ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली.

हा सगळा तपशील रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवला, तो कोणाची कीव मागण्यासाठी नव्हे. आपल्या आईवडिलांना उपास करता येत होता पण काम करता येत नव्हते, हे त्यांना फार खोल लागले होते. केडगावच्या संस्थेत प्रत्येक मुलीला हाताचे काम शिकविण्याचा जो आग्रह त्यांनी शेवटपर्यंत धरला, त्याचे मूळ येथे शोधायला हवे.

यानंतरची वर्षे सर्वपरिचित आहेत. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी कडेवर मूल घेऊन त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हवेत अशी साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंड गाठले आणि त्याच वर्षी वाँटेज येथे मुलीसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. बहिरेपणा वाढत चालल्याने डॉक्टर होण्याचा बेत मात्र सोडावा लागला.

अमेरिकेकडे थोडे अधिक लक्ष द्यायला हवे. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला पोहोचल्या आणि जवळजवळ अडीच-तीन वर्षे त्या देशात राहिल्या. बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, त्या धर्तीवर मराठी क्रमिक पुस्तके तयार करायला घेतली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहून ते १८८७ मध्ये प्रसिद्ध केले. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, सामान्य नागरिकांनी एकत्र येऊन संस्था चालविण्याची रीत त्यांनी तेथे जवळून पाहिली. मद्यपानबंदीच्या चळवळीतल्या बायका सभा कशा घेतात, वर्गणी कशी गोळा करतात, अहवाल कसा छापतात, हे सारे त्यांनी टिपून घेतले. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मराठी प्रवासवृत्तात धर्मादाय संस्थांची आणि स्त्रियांच्या मंडळांची माहिती मोठ्या कौतुकाने आली आहे. आपल्याकडे तोवर दानधर्म भरपूर होता. पण दाता गेला की दान आटत असे. बोस्टनमध्ये डिसेंबर १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने मात्र दहा वर्षांचे वचन दिले. ठिकठिकाणच्या मंडळांतून वर्गणी जमायची, कार्यकारिणी तिचा हिशेब ठेवायची आणि पुण्या-मुंबईकडच्या प्रतिष्ठितांची सल्लागार समिती देखरेख करायची, अशी ती घडी होती.

महाराष्ट्राची पाटी या बाबतीत अगदीच कोरी होती असे मात्र नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढून विधवांची मुले वाचविण्याचे काम सुरू केले होते. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम चालवला होता. पंढरपूरचे अनाथाश्रमाचे कामही त्याच सुमारास उभे राहिले. रमाबाईंचे वेगळेपण असे की मुलीला वाचविल्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांचा हिशेब त्यांनी मांडला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षअखेरीस ते पुण्याला हलले. पहिल्याच विद्यार्थिनींपैकी एक होती गोदूबाई नातू. अगदी लहानपणी विधवा झालेली ही मुलगी पुढे आनंदीबाई कर्वे झाली. बालविवाहाचा प्रश्न त्या काळी नुसता चर्चेचा नव्हता. फुलमणी दासी या बंगालमधील बालवधूचा पतीच्या जबरदस्तीने झालेला मृत्यू देशभर गाजला होता, आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वयोमर्यादा दहावरून बारावर नेली तेव्हा पुण्यात रणकंदन माजले होते. बारा वर्षे ही मर्यादासुद्धा ज्यांना असह्य वाटली, अशा समाजात रमाबाई विधवा मुलींसाठी घर चालवीत होत्या. तेथे जातीचे आचार पाळण्याची मुभा होती, स्वयंपाकाची सोय त्याप्रमाणे होती, धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील असा करार होता.

या कराराच्या शेवटच्या कलमावरच सगळे अडले. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत ख्रिस्ती प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. मुली येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावले नव्हते, तसे त्यांना अडवलेही नव्हते. केसरीने यावर झोड उठवली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या समितीच्या सभासदांनी सदनाशी संबंध तोडले. पाठोपाठ पंचवीसच्या आसपास मुलींना पालकांनी काढून नेले.

त्या वादात कोणाचे किती बरोबर होते, याचा निवाडा आजही एका वाक्यात होणार नाही. मुलीला स्वतःची श्रद्धा निवडता यावी, हा रमाबाईंचा आग्रह तत्त्वाने योग्य होता. पण ज्या पालकांनी समाजाचा विरोध पत्करून मुलगी त्यांच्या हवाली केली, त्यांना दिलेला शब्दही खरा होता, आणि दार उघडे ठेवणारी व्यक्ती मुलींच्या लेखी आईच्या जागी होती. ज्या घरात आपल्याला अन्न आणि माया मिळाली त्या घराच्या देवाकडे मूल ओढले जाणारच. रमाबाईंच्या विद्वान टीकाकारांना हे नेमके कळले होते. दुर्दैव एवढेच की त्यांच्यापैकी बहुतेकांपाशी त्या पंचवीस मुलींसाठी दुसरे घर तयार नव्हते. परत गेलेल्या मुलींपैकी अनेकींच्या वाट्याला पुन्हा तेच अंधारे माजघर आले असणार.

दुसरे घर बांधायला घेतले ते धोंडो केशव कर्वे यांनी. सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्यांनी त्याच वर्षी, ११ मार्च १८९३ रोजी, पुनर्विवाह केला होता. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. पुढे हिंगण्याला आश्रम उभा राहिला. पालकांचा विश्वास गमावला की संस्थेचे काय होते, हे शारदा सदनाच्या अनुभवावरून कर्व्यांनी पुरते ओळखले होते. त्यांनी तो विश्वास आयुष्यभर डोळ्यात तेल घालून जपला.

रमाबाईंची वाट यापुढे निराळी झाली. १८९५ मध्ये त्या मथुरा-वृंदावनाकडे गेल्या आणि तीर्थाच्या ठिकाणी तरुण विधवांना पुण्याच्या नावाखाली कसे नासवले जाते ते त्यांनी पाहिले. बाहेरगावी जाऊन, माणसांत मिसळून, प्रत्यक्ष पाहून मगच बोलायचे ही त्यांची पद्धत होती. दुसरीकडे, अमेरिकेतील मदत संपल्यावर सदन कशावर चालणार या चिंतेने त्यांनी पुण्याच्या पूर्वेला सुमारे साठ किलोमीटरवर, सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत केडगाव येथे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. संत्री, लिंबे, आंबे लावायचे, फळे विकायची आणि सदनाला स्वावलंबी करायचे, असा तो साधा बेत होता. विहिरी खोदल्या गेल्या. त्या माळरानावर पुढे काय उभे राहणार आहे, याची तेव्हा कोणाला कल्पना असण्याचे कारण नव्हते.

आणि मग दुष्काळातल्या मुली आल्या. त्यांना पुण्यात आणले तेव्हा शहरात प्लेगचे सावट होते. नव्या मुलींना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. आजारी, हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर धड वस्त्र नसलेल्या मुलींना घेऊन जायचे कोठे? केडगावची जमीन या वेळी कामी आली. तेथे घर नव्हते. तंबू ठोकले, झोपड्या उभारल्या. शारदा सदनातल्या मोठ्या मुली नव्या मुलींच्या दिमतीला आल्या. त्यांना न्हाऊ घालणे, उवा काढणे, खरूज धुणे, पोटाला सोसेल एवढेच आणि पुन्हा पुन्हा भरवणे, ही कामे त्या विधवा विद्यार्थिनींनी केली. ज्यांना घरात अपशकुनी मानले होते त्यांच्या हाती आता मुले सोपवली गेली. कित्येक मुली तरीही वाचल्या नाहीत. फार उशिरा मिळालेल्या अन्नाचा त्यांना उपयोग झाला नाही. १८९७ संपेपर्यंत तीनशेचा संकल्प जवळजवळ पुरा झाला होता. या वस्तीलाच पुढे मुक्ती हे नाव मिळाले.

पुण्यात त्याच वर्षी एक प्रसंग घडला आणि त्याने रमाबाईंचा खरा पिंड दाखवला. रँड साहेबाच्या प्लेग समितीने घरोघर तपासणी चालवली होती, संशयितांना इस्पितळात आणि विलगीकरणाच्या छावणीत नेले जात होते. रमाबाईंच्या आश्रयाला असलेल्या एका तरुण मुलीलाही तसेच नेण्यात आले. इस्पितळात तिची अब्रू सुरक्षित राहिली नाही, आणि तिची जबाबदारी घ्यायला कोणी तयार नाही, असे रमाबाईंनी मुंबईच्या बॉम्बे गार्डियन या ख्रिस्ती साप्ताहिकात उघडपणे लिहिले. स्त्रियांना आणि मुलींना पुरुष शिपायांच्या हवाली करणाऱ्या व्यवस्थेवरच त्यांचा रोख होता. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. मुंबई सरकारने आरोप नाकारले. त्याच सुमारास विलायतेत असलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी प्लेगबंदोबस्तातील अत्याचारांविषयी तेथील पत्रात विधान केले होते. पुरावा उभा करता न आल्याने परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्यानंतरच्या त्या दहशतीच्या वातावरणात सरकारविरुद्ध बोलणे किती जोखमीचे होते, हे यावरून दिसते.

रमाबाईंचे गणित या ठिकाणी फार अवघड होते. त्या ख्रिस्ती होत्या, त्यांच्या संस्थेला गोऱ्या लोकांचा पैसा येत होता, जागेच्या आणि परवान्यांच्या बाबतीत त्या सरकारी अधिकाऱ्यांवर अवलंबून होत्या. गप्प बसणे त्यांच्या सोयीचे होते. शिवाय हिंदू समाजातील त्यांचे टीकाकार त्यांना परक्यांच्या हस्तक मानत होते. तरीही एका अनाम मुलीसाठी त्यांनी सरकारला जाब विचारला. मुलांना आश्रय देणाऱ्या संस्थेची जबाबदारी स्वतःच्या कुंपणापाशी संपते असे त्यांनी मानले नाही. आपल्या ताब्यातले मूल दुसऱ्याच्या हाती गेले, मग ते इस्पितळ असो की सरकारी छावणी, तरी त्याची चौकशी करत राहायचे, एवढे हे साधे तत्त्व होते. पुढील काळात याच कसोटीवर किती संस्था उणी उतरल्या, हे वाचकांना सांगायला नको.

१८९८ मध्ये अमेरिकेला जाऊन रमाबाईंनी मदतीची नवी व्यवस्था लावली. या वेळी जुन्या तटस्थतेची अट राहिली नाही. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. त्याआधीच, १८९७ च्या अखेरीस, भीमेच्या पात्रात शंभरावर मुलींचा बाप्तिस्मा झाला होता. त्यावर झालेली टीका आजही अधूनमधून उगाळली जाते, आणि त्यातला एक प्रश्न टाळून चालणार नाही. उपासमारीतून वाचलेल्या मुलीच्या होकाराला कितपत स्वतंत्र होकार म्हणायचे? रमाबाईंना स्वतःच्या श्रद्धेविषयी शंका नव्हती, म्हणून त्यांना हा प्रश्न टोचला नसावा. पण प्रश्न राहतोच. त्याच वेळी हेही नोंदवायला हवे की या मुलींपैकी बहुतेकींना परत न्यायला कोणी आले नव्हते.

१८९९-१९०० चा दुष्काळ आधीच्याहून व्यापक होता. गुजरात, काठेवाड, राजपुताना होरपळून निघाले. या खेपेस रमाबाईंनी आपल्याच संस्थेत तयार झालेल्या बायकांना मुली आणायला पाठवले. अवघ्या तीन वर्षांपूर्वी ज्या स्वतः अनाथ म्हणून आल्या होत्या, त्यांच्यापैकीही काही जणी आता इतरांना सांभाळत होत्या. रेल्वेच्या स्थानकांवर, गरीबखान्यांच्या दारात, रस्त्याच्या कडेला पडलेल्या मुली त्या उचलून आणत. कुंटणखान्याचे दलाल त्याच रस्त्यांवर हिंडत होते, त्यामुळे ही एक प्रकारची शर्यतच होती. अनोळखी प्रांतात एखादी मुलगी अनोळखी माणसाबरोबर जायला घाबरते. लुगडे नेसलेल्या, आपल्यासारख्याच रंगाच्या बाईचा हात धरायला ती तयार होते. बायकांनीच बायकांना आणायचे, यामागे एवढा व्यवहार होता. या खेपेला तेराशेहून अधिक मुली आल्या आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांचे एक घर चालवायचे म्हणजे काय, याचा विचार केला तर छाती दडपते. पाणी, धान्य, कपडा, औषध, संडास, सगळे रोजचे. त्यात कोणी सहा महिन्यांचे तान्हे, कोणी वीस वर्षांची बाई. रमाबाईंनी सर्वांना एका छपराखाली कोंबले नाही. अत्याचाराला बळी पडलेल्या किंवा वाममार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन स्वतंत्र होते. लहान मुलग्यांसाठी सदानंद सदन, वृद्ध व अपंग बायकांसाठी प्रीती सदन, अंध मुलींसाठी बार्तिमी सदन अशा निरनिराळ्या वास्तू झाल्या. अमेरिकेत शिकून आलेल्या मनोरमेने ब्रेल लिपी आणली आणि अंध मुलींना वाचायला शिकवले. अशा मुलींना तोवर बहुतेक शाळांनी दारात उभे केले नसते. शारदा सदनही पुढे केडगावलाच आले. मुलांचे वय, प्रकृती आणि त्यांच्यावर गुदरलेला प्रसंग पाहून त्यांची व्यवस्था वेगवेगळी लावायची, ही गोष्ट आज बालसुधारणेच्या पुस्तकात प्राथमिक मानली जाते. रमाबाईंनी ती पुस्तकाशिवाय केली.

कामाच्या बाबतीत त्या कडक होत्या. शाळा तर होतीच, पण त्याबरोबर मागावर विणणे, शिवणकाम, तेलाची घाणी, दूधदुभते, भाजीपाला, फळबाग, बेकरी, धोबीकाम, शुश्रूषा असे नाना उद्योग चालत. छापखान्यात मुली खिळे जुळवत. मराठी, गुजराती, हिंदी बोलणाऱ्या, सर्व जातींतून आलेल्या मुली एका पंगतीला बसत. शारदा सदनात पाळलेले सोवळेओवळे येथे उरले नाही. या शिस्तीत सगळ्याच मुली सुखी होत्या असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. दोन हजारांच्या वस्तीत एकेकीच्या वाट्याला माया किती येणार? शिवाय १९०५ च्या सुमारास तेथे उसळलेल्या धार्मिक जागृतीच्या लाटेत रात्ररात्र प्रार्थना चालत, ते वातावरण बाहेरच्या अनेक ख्रिस्ती मंडळींनाही मानवले नाही. पण येथून बाहेर पडणाऱ्या मुलीपाशी एखादी कला, अक्षरओळख आणि परतायला एक पत्ता असे. दुष्काळात भटकणाऱ्या सोळा वर्षांच्या रमाकडे यातली विद्या होती, बाकी दोन्ही नव्हते.

स्वतः रमाबाई या सगळ्याच्या मधोमध राहत. पांढरे साधे लुगडे, शाकाहारी जेवण, अतिशय कमी ऐकू येणारे कान. आयुष्याची अखेरची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. खेड्यातल्या अर्धशिक्षित बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती, आणि संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडितेने संस्कृतप्रचुर मराठी जाणीवपूर्वक टाकून दिली, याची आपल्या वाङ्मयेतिहासाने पुरेशी दखल घेतलेली नाही. ते भाषांतरही मुक्तीच्या छापखान्यातच जुळत होते. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. बावीस वर्षांपूर्वी त्यांचे म्हणणे खोटे ठरवणारे सरकार तेच होते.

सारा भार पुढे मनोरमेने घ्यावा अशी योजना होती. ती संस्थेत वाढली होती, शिक्षणाने तयार होती, आणि आईचे कान झाली होती. २४ जुलै १९२१ रोजी चाळिशीतच मनोरमेचे निधन झाले. पुढचे आठ-नऊ महिने रमाबाईंनी भाषांतराचे उरलेले काम संपविण्यात घालवले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांनी देह ठेवला. त्यांच्यामागे मुक्ती मिशन बंद पडले नाही. विश्वस्तांच्या कारभाराखाली ते केडगावला अद्याप चालू आहे.

रमाबाई गेल्या त्या दिवशी मुंबई इलाख्यात बेवारस किंवा छळलेल्या मुलांसाठी स्वतंत्र कायदा नव्हता. मद्रासने असा कायदा १९२० मध्ये केला होता, बंगालने १९२२ मध्ये. मुंबईचा बालक कायदा १९२४ मध्ये आला. तो अंमलात आणायचा तर मुलांना ठेवायचे कोठे, हा प्रश्न सरकारपुढेही उभा राहिला, आणि त्यासाठी १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन करावी लागली.